साडेचार की साडेपाच? सातपुड्याच्या पायथ्याशी छर्‍याच्या बंदुकीचा प्रश्न

जत्रेतल्या फुग्यांच्या दुकानासमोर उभं राहून ज्याने एकदा तरी नेम धरला आहे, त्याने हवेची बंदूक हाताळलेली आहे. नळी मधून मोडायची, शिशाचा इवलासा छर्रा तिच्या तोंडाशी बसवायचा, नळी पुन्हा सरळ करायची आणि चाप ओढायचा. दारू नाही, धूर नाही, परवान्याची चौकशी नाही. हीच बंदूक थोडी लांब आणि बरीच ताकदवान होऊन शस्त्रांच्या दुकानात मिळते. बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यातला शेतकरी तिच्याबद्दल विचारतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर फुगे नसतात. त्याच्या डोळ्यांसमोर रानडुकरांनी रात्रीत उकरून टाकलेला हरभरा असतो.

तालुक्याची ठेवणच तशी आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि तिच्यात सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं अंबाबरवा अभयारण्य, जे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. मध्ये सोनाळा, टुनकी, वरवट बकाल, पातुर्डा अशी गावं आणि त्यांच्या शिवारात कपाशी, तूर, सोयाबीन, मका, हरभरा. डोंगर जिथे संपतो तिथेच पिकं सुरू होतात, आणि डोंगरातल्या जनावरांना ती हद्द दिसत नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप तूर खातो त्याहून जास्त तुडवतो. रानडुक्कर मका आडवा करतं. माणूस मग मचाण बांधतो, जागलीला जातो, डबे वाजवतो, फटाके फोडतो, बांधावर जुन्या साड्या बांधतो. आणि एखाद्या थकलेल्या रात्रीनंतर त्याला कुणीतरी सांगतं, एक एअर रायफल घेऊन टाक. मग पुढचा प्रश्न येतो: साडेचार मिलिमीटरची घ्यावी की साडेपाचची?

प्रश्न साधा दिसतो. त्याचं उत्तर पदार्थविज्ञान, प्राण्याचं शरीर आणि देशाचा कायदा या तिघांना मिळून द्यावं लागतं, आणि संग्रामपुरात ते उत्तर इतर ठिकाणांपेक्षा वेगळं निघतं.

आधी मापं पाहू. एअर रायफलच्या नळीचा आतला व्यास म्हणजे तिचं कॅलिबर. जगभर चार मापं प्रचलित आहेत: ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंच, ५ मिलिमीटर म्हणजे ०.२० इंच, ५.५ मिलिमीटर म्हणजे ०.२२ इंच आणि ६.३५ मिलिमीटर म्हणजे ०.२५ इंच. आपल्या दुकानांत पहिलं आणि तिसरं माप ऐकू येतं, ‘वन सेव्हन सेव्हन’ आणि ‘टू टू’ या नावांनी. साडेचारचा नेहमीचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, साडेपाचचा जवळपास एक ग्रॅमचा. व्यासातला फरक फक्त एक मिलिमीटर, पण तोंडाच्या क्षेत्रफळात तो दीडपट होतो आणि वजनात जवळजवळ दुप्पट.

छर्‍याचा आकार डमरूसारखा असतो. पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. चाप ओढला की मागून आलेल्या हवेच्या दाबाने तो मऊ घेर फुलतो, नळीच्या आतल्या पिळदार खाचांना घट्ट बसतो आणि छर्रा स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडतो. या फिरण्यामुळेच तो सरळ जातो. डोकं सपाट असेल तर कागदाच्या लक्ष्यावर गोल, स्वच्छ भोक पडतं, म्हणून स्पर्धेत सपाट डोक्याचे छर्रे वापरतात. डोकं घुमटाकार असेल तर हवेचा विरोध कमी होतो आणि लांबवर नेम टिकतो. टोकदार छर्रे दिसायला भयंकर वाटतात, पण अचूकपणात ते घुमटाकार छर्‍यांच्या मागेच राहतात.

हवा येते कुठून? बहुतेक बंदुकांत स्प्रिंग असते. नळी मोडताना ती दाबली जाते. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि हवा एका क्षणात आवळून छर्‍यामागे ढकलतो. या धावत्या दट्ट्याचा झटका छर्रा नळीत असतानाच बसतो, म्हणून स्प्रिंगच्या बंदुकीवर हात बसवायला वेळ लागतो. दुसरा प्रकार पीसीपी, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेचा. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार दाब असतो, पीसीपीच्या टाकीत दोनशे किंवा त्याहून अधिक. तिला झटका जवळजवळ नसतो, आणि ऑलिम्पिकपर्यंतच्या बंदुका याच जातीच्या असतात. ही कल्पना नवी नाही. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांदोनी नावाची हवेची रायफल दाखल झाली होती, आणि १८०४ ते १८०६ दरम्यान अमेरिका आडवी पार करणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही हवेची रायफल होती.

आता मुद्द्याचं. छर्रा काय करू शकतो, हे कॅलिबरपेक्षा त्याच्या ऊर्जेवर ठरतं, आणि ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. समजा दोन्ही बंदुकांची ऊर्जा २० जूल आहे. ०.५३ ग्रॅमचा साडेचारचा छर्रा नळीतून सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने सुटेल, ०.९५ ग्रॅमचा साडेपाचचा सुमारे २०५ मीटर वेगाने. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तरी तीस मीटर जाईपर्यंत पहिला साधारण सहा सेंटिमीटर खाली येईल आणि दुसरा साडेदहा. प्रत्यक्षात दोघेही याहून जास्त पडतात. म्हणजे साडेचारची वाट सरळ, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा चुकत नाही. साडेपाचचा छर्रा वाटेत जास्त झुकतो, पण जड असल्याने वेग सावकाश गमावतो आणि लागतो तिथे रुंद जखम करून अधिक ऊर्जा आत सोडतो. ब्रिटनमधले शिकारी पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांना लहान माप आणि सशाला मोठं माप वापरत आले, त्यामागचं कारण हेच.

ब्रिटनचं उदाहरण इथे नीट पाहायला हवं, कारण एअर रायफलच्या शिकारीबद्दल मोबाइलवर जे व्हिडिओ दिसतात त्यातले बरेच तिकडचे किंवा अमेरिकेतले असतात. इंग्लंडमध्ये १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ जूलपर्यंतच्या रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. तिथे तिचं काम ठरलेलं आहे: ससे, उंदीर, ठरावीक जातींची कबुतरं. सगळी लहान जनावरं, तीही तीस-पस्तीस मीटरच्या आत आणि डोक्यातच. जर्मनीत ही मर्यादा फक्त साडेसात जूल आहे. अमेरिकेत काही राज्यांत हरणांवर हवेची बंदूक चालते, पण ती ०.३५ ते ०.५० इंच व्यासाची, शेकडो जूलची, वेगळ्याच वर्गातली यंत्रं असतात. तसा व्हिडिओ पाहून वीस जूलची बंदूक विकत घेणाऱ्याची घोर फसगत होते.

ही फसगत किती मोठी, ते आकड्यांनी समजतं. साध्या ०.२२ रिमफायर काडतुसाची ऊर्जा दीडशे जूलच्या आसपास असते. बारा बोरच्या बंदुकीतून सुटणाऱ्या अखंड गोळीची दोन हजार जूलच्या पुढे. आणि आपली विनापरवाना एअर रायफल वीस जूलच्या आत. समोर शंभर किलोचं रानडुक्कर आहे, ज्याच्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेचं कवच असतं. किंवा रोही आहे, ज्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर जातो. अशा जनावराला साडेचारचा छर्रा लागला काय किंवा साडेपाचचा लागला काय, तो कातडीत किंवा मांसात थोडा शिरून अडकतो. जनावर पळतं. जखम चिघळते, त्यात किडे पडतात, आणि ते कुठेतरी नाल्यात अनेक दिवसांनी मरतं किंवा मरतही नाही. जखमी रानडुक्कर दाट कपाशीत दबा धरून बसलं असेल आणि सकाळी वेचणीला बाया आल्या, तर काय होईल याची कल्पना शेतकऱ्याला बाहेरून कुणी द्यायला नको.

म्हणून रोही आणि रानडुकरासाठी कोणतं कॅलिबर, या प्रश्नाचं उत्तर कोणतंच नाही असं आहे. ही भूतदयेची भाषा वाटेल, आणि भूतदया त्यात आहेच. पण पिकाच्या हिशेबानेही छर्रा निरुपयोगी आहे. कळपातल्या एकाला बोचलं म्हणून बाकीचे हरभरा सोडत नाहीत.

कायदा याहून कडक आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या हवाई बंदुकीची ऊर्जा २० जूल किंवा १५ फूट-पौंडांपेक्षा जास्त, किंवा जिच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा, तिला परवाना लागतो. म्हणजे साडेचार की साडेपाच हा वाद आपल्याकडे बऱ्याच अंशी कायद्यानेच मिटवला आहे. साडेपाचची रायफल कितीही कमी ताकदीची असो, ती परवान्याच्या कक्षेत येते. विनापरवाना हाती येणारी बंदूक साडेचारचीच, तीही वीस जूलच्या आत. खोक्यावर ‘सेकंदाला हजार फूट’ असं छापलेलं दिसलं तर ते कोणत्या वजनाच्या छर्‍यासाठी, हे विचारावं. नेहमीच्या ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला खरोखर तेवढा वेग मिळत असेल तर ऊर्जा २४ जूलच्या पुढे जाते आणि बंदूक मर्यादेबाहेर पडते. बहुतेकदा तो आकडा हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यावर काढलेला असतो.

बंदूक विनापरवाना मिळते, याचा अर्थ तिने काहीही मारायला मोकळीक आहे असा होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत गावोगावी होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं तर आहेच, पण जखमी करणं, पकडणं, हुसकावून कोंडणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची घरटी मोडणं हेही आहे. त्यामुळे ‘मारलं नाही, नुसता छर्रा लावून पळवलं’ हा बचाव टिकत नाही. रानडुक्कर, रोही, ससा, तितर, पोपट हे सगळे संरक्षित यादीत आहेत. मोर तर सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा गुन्हा अभयारण्यात घडला असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं.

आणि इथे संग्रामपूरचं वेगळेपण येतं. याच अधिनियमाच्या कलम ३१ नुसार परवानगीशिवाय कोणतंही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि कायद्यातली हत्याराची व्याख्या इतकी व्यापक आहे की गळ, जाळं, सापळा आणि प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन तिच्यात बसतं. हवेची बंदूक अर्थातच आली. कलम ३४ त्याही पुढे जातं: अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी आपली नोंद मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायची, आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय द्यायचा नाही. तालुक्याच्या उत्तरेकडच्या गावांतल्या माणसाने साडेपाचच्या रायफलीचा विचार करताना ही दोन कलमं आधी वाचायला हवीत.

मग उरलं काय? घरातला आणि धान्याच्या कोठारातला उंदीर. तो संरक्षित यादीत नाही, आणि त्याच्या बाबतीत कॅलिबरचा प्रश्न खरोखर अर्थपूर्ण ठरतो. दहा-पंधरा मीटरच्या आत, उंदराच्या डोक्याएवढ्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या जागी नेमका बसणारा साडेचारचा छर्रा त्याला जागीच संपवतो. इथे अचूकपणा हाच सगळा खेळ आहे, आणि साडेचार त्यात अव्वल आहे. मात्र टिनाच्या भिंती, काँक्रीटची फरशी आणि लोखंडी कोठी यांवरून छर्रा उलटतो. बंदूक चालवणाऱ्याने डोळ्यांवर जाड चष्मा घालावा. छर्‍याने डोळा जाणं ही नेहमी घडणारी, कायमची इजा आहे. शिशाचे तुकडे धान्यात पडू देऊ नयेत, छर्रे दातांत धरू नयेत, हात धुवावेत. शिसं शरीरात साठतं आणि मुलांच्या मेंदूला त्याची सर्वांत जास्त झळ बसते. हे सगळं सांभाळूनही एका बंदुकीने उंदरांची संख्या आटोक्यात येत नाही. बिळं बुजवणं, पिंजरे, कोठाराचा उंच ओटा आणि शिवारात घुबडांना थारा, यांनीच ती येते.

पक्ष्यांवर छर्रा चालवणं तर शेतकऱ्याने स्वतःच्याच हिताविरुद्ध केलेलं काम ठरेल. हरभऱ्यावरची घाटे अळी वेचून खाणारे कोतवाल, साळुंक्या आणि बगळे हे याच शिवारातले. त्यांना बसायला जागा मिळावी म्हणून पिकात पक्षीथांबे लावावेत, असं कृषी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ज्वारीच्या हुरड्यावर पाखरं उतरतात तेव्हा वऱ्हाडातला माणूस मचाणावरून गोफण फिरवत आला आहे. तिच्या आवाजाने थवा उठतो आणि पुढच्या हंगामात अळी खायला शिल्लकही राहतो.

हवेच्या बंदुकीने एका मुंबईकर मुलाचं आयुष्य कसं बदललं, ते इथे आठवायला हवं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लहानग्या सालिम अलींनी आपल्या खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामाने त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथे सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, पुस्तकं दिली. पुढे भारतीय पक्षिशास्त्र ज्यांच्या नावाने ओळखलं गेलं, ते सालिम अली घडायला तिथून सुरुवात झाली. १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं शीर्षकही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवलं.

सगळ्याच एअरगनची गोष्ट अशी वळत नाही. अरुणाचल प्रदेशात घरोघरी असलेल्या या बंदुकांनी जंगलातले पक्षी इतके कमी केले, की मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी आपण होऊन बंदुका जमा केल्या. वर्ष संपेपर्यंत ही संख्या सोळाशेच्या वर गेली होती. एकेक बंदूक किरकोळ, पण गावागावातल्या सगळ्या मिळून जंगल मुकं करू शकतात, हे तिथल्या लोकांनी स्वतः पाहिलं होतं.

साडेचार मिलिमीटरच्या मापाचं खरं वैभव महाराष्ट्राने दुसऱ्याच मैदानावर पाहिलं आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ केवळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, छर्‍याच्या नवव्या हिश्शाएवढं. या प्रकारात अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी मराठी मुलींना वाट दाखवली, २००८ मध्ये अभिनव बिंद्राने बीजिंगला ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवलं आणि २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत जगज्जेता झाला. या स्पर्धेच्या रायफलींची ऊर्जा वीस जूलच्या निम्म्याहूनही कमी असते. संग्रामपूरच्या एखाद्या शाळेत दहा मीटरची सुरक्षित जागा, मागे भक्कम आडोसा आणि एक जाणता प्रशिक्षक मिळाला, तर साडेचारच्या बंदुकीचा याहून चांगला उपयोग या तालुक्यात दुसरा नाही.

आणि पिकाचं काय? तो प्रश्न खरा आहे, तातडीचा आहे, आणि त्याला बगल देणं शेतकऱ्यावर अन्याय होईल. अधिनियमाच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकांचं नुकसान करणाऱ्या जनावरांबाबत परवानगीची तरतूद आहे, आणि त्याच आधारावर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरांसाठी पारध परवान्याची पद्धत ठरवून दिली. ते काम वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, परवान्याच्या योग्य बंदुकीने आणि अभयारण्याबाहेरच होऊ शकतं. छर्‍याच्या बंदुकीला त्यात जागा नाही. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. सौर कुंपणाचा झटका क्षणाचा असतो, जनावर मागे फिरतं पण मरत नाही. मात्र थेट विजेच्या लाइनवरून तार सोडणं म्हणजे बांधावर मृत्यू पेरणं. त्या तारांनी वाघही मेले आहेत आणि माणसंही.

कुंपण गटाने केलं तर खर्च वाटला जातो आणि मध्ये फट राहत नाही. एकट्याने केलं तर जनावर शेजारच्या शेतातून आत येतं. टुनकी-सोनाळ्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी एअर रायफलीवर जाणारे पैसे एकत्र करून बांधावरच्या तारेकडे वळवावेत, एवढीच या लेखाची विनंती आहे. आणि नुकसान झालंच, तर उकरलेल्या वाफ्यांचे, ठशांचे फोटो त्याच सकाळी काढावेत आणि तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे.